उपरण्याखालचं चौथं बोट

१

सिरसाळ्याच्या बैलबाजारात भावाच्या बाबतीत आजवर कुणीही खोटं बोललेलं नाही, हे मी अत्यंत गांभीर्यानं नमूद करतो. याचं कारण असं, की तिथं भावाच्या बाबतीत कुणी बोलतच नाही. दलाल खांद्यावरचं उपरणं आपल्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो आणि त्याखाली बोटं बोलतात. जितकी बोटं तळहातावर टेकली तितके हजार. बाकीची मुडपून घ्यायची. चेहरे तेवढा वेळ आभाळाकडं, जणू दोघांनाही एकाच वेळी पावसाची काळजी लागली आहे.

मी तेव्हा परळीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. पंच्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. दिल्लीनं अर्थव्यवस्था उघडी केली होती आणि मी वर्गात ‘पारदर्शकता’ हा शब्द इतक्यांदा वापरायचो, की पोरांनी माझं नावच ते ठेवलं होतं. संध्याकाळी एसटीतून सिरसाळ्याला उतरलो की दिसायचं, एसटीडीचा पिवळा बूथ आला, दोन-तीन घरांवर डिशच्या छत्र्या आल्या. बैलाचा भाव मात्र अजून उपरण्याखाली सुखानं नांदतोय.

त्या उपरण्याचे धनी म्हणजे माझे शेजारी गुरुलिंगआप्पा. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, डोक्याला पांढरा फेटा. आप्पांना फेट्याशिवाय पाहिलेला माणूस गावात नव्हता, आणि आप्पांनी भावात फसवलेला माणूस आख्ख्या तालुक्यात नव्हता. बाजारातल्या लिंबाखाली त्यांची जागा ठरलेली. बाप वारल्यावर वाटणीच्या बैलाचा भावसुद्धा भाऊ-भाऊ आप्पांच्या बोटांवरून मान्य करायचे, मग आयुष्यभर एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण आप्पांना रामराम घालायचे.

पौषातली गोष्ट. थंडी अशी, की बैलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सूर्य नुकता वर आला होता. धुळाजी धनगरानं आपला लाल कंधारी बैल आणला होता. घ्यायला चौसाळ्याचे सुंदरराव. आप्पांनी आधी सुंदररावांचा आकडा घेतला, मग धुळाजीचा हात उपरण्याखाली घेऊन त्याला दिला. धुळाजीनं आभाळाकडं बघत मान हलवली. उपरणं निघालं. बैलाचं दावं सुंदररावांच्या हातात गेलं. आमच्याकडं दावं गेलं म्हणजे बैल गेला.

सुंदररावांनी नोटा पुढं केल्या आणि धुळाजीचा आवाज चढला.

“हे कावून तीन?”

“तीनच ठरलं की,” सुंदरराव म्हणाले.

“आप्पांनी चार बोटं टेकवली माज्या हातावर! आप्पा, सांगा की ओ!”

आप्पा म्हणाले, “तीनच दिली म्या.”

बाजार थांबला. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले, असं नंतर काही जण सांगत. ते मी सोडून देतो.

बाजारातलं भांडण मिटवायला पंच असतात. त्यांचे म्होरके विठ्ठलराव. पंच नेहमीप्रमाणे जेवणं उरकून, ऊन चांगलं तापल्यावर लिंबाखाली बसले. आप्पांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला हळदीची चिंधी होती. ते बोट रताळ्यासारखं सुजलेलं होतं, बुडापासून टोकापर्यंत एकसारखं. “दारात सापडलं,” एवढंच आप्पा म्हणाले. विठ्ठलरावांनी त्यांना बोट वाकवायला लावलं. दुखलं, पण वाकलं.

“वाकतंय की,” विठ्ठलराव म्हणाले. “म्हंजे बोटाची चूक न्हाई. मग दोघातला एक जण लबाड हाय.”

धुळाजीनं बिरोबाचा भंडारा उचलला. आप्पांना शपथ घ्यायला सांगितली. ते म्हणाले, “माझी बोटं हीच माझी शपथ.” वाक्य भारदस्त होतं आणि त्यांच्या विरोधात गेलं.

निवाडा झाला: पुढच्या बाजारी फैसला. तोवर आप्पांनी लिंबाखाली बसू नये. बैल धुळाजीकडं, दावं सुंदररावांकडं. असा न्याय आमच्याकडंच होतो.

संध्याकाळी शिवकांताकाकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी, आमच्या ओट्यावर आल्या.

“सर, खोटं बोलतायत ते.”

“चार बोटं दिली होती?”

“ते मला काय ठावं. दाराचं खोटं बोलतायत. बोट सुजलंय दिवाळीपासनं. आन् दार? दार तर आमी पौष लागल्यावर बसवलं.”

२

दाराला निर्दोष सोडावं लागलं. मग बोटाचा गुन्हेगार कोण?

काकूंनी मला सगळी हकिकत सांगितली. आप्पा गुपचूप तीन डॉक्टर करून आले होते. परळीच्या पहिल्यानं रक्त तपासलं, यूरिक ॲसिड जरा वर निघालं. “गाऊट,” तो म्हणाला आणि डाळ बंद केली. वरणाशिवाय मराठवाड्यातला माणूस जिवंत राहतो, पण त्याला कुणी जिवंत म्हणत नाही. महिना गेला, आप्पा वाळले, बोट तसंच गुबगुबीत.

दुसरा बीडचा. त्यानं संधिवात ठरवला, पुन्हा रक्त काढलं. संधिवाताचा अंश रक्तात सापडला नाही. तेव्हा तो म्हणाला, रक्तात काही नाही म्हणजे तुम्हाला काही नाही. आप्पा बोट घेऊन परत आले.

तिसरा म्हणाला, “वय झालं.” हे निदान नसून वाढदिवसाची आठवण होती.

चौथा संशय कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पण पारावर पोचला होता. सुजकं बोट, खडबडीत नख, आणि मुद्दाम गुंडाळलेली चिंधी. महारोग.

आणि इथं आमच्या गावाची कमाल सांगितली पाहिजे. या असल्या गोष्टी ओळखण्यात जिचं आयुष्य गेलं, अशी डॉक्टर सिरसाळ्यातच राहत होती. डॉक्टर वत्सलाबाई. सरकारी नोकरीत त्यांनी कुष्ठरोगाच्या पाहणीत गावंच्या गावं पालथी घातली होती. निवृत्त होऊन शाळेमागच्या दोन खोल्यांत दवाखाना मांडला होता. पण लोक त्यांना ‘महारोगाची डॉक्टरीण’ म्हणायचे. त्यांची पायरी चढला की लोकांच्या लेखी माणसाला महारोगच. त्यामुळं खोकलासुद्धा लोक एसटीनं परळीला नेत. ज्या एका पायरीवर उत्तर होतं, ती एक सोडून आप्पा बाकी सगळ्या पायऱ्या चढून आले होते.

मी गेलो त्यांच्याकडं. मी काही रोगी नव्हतो; तरी गल्लीच्या तोंडाशी एकदा मागं वळून पाहिलंच.

बाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, “सौदा कधी झाला?”

“सकाळी. सूर्य उगवता.”

“आणि पंचांनी बोट कधी वाकवून बघितलं?”

“जेवणं झाल्यावर. उन्हात.”

बाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “मग धुळाजी खरं बोलतोय.”

“म्हणजे आप्पा लबाड?”

“मी असं म्हटलं का, सर?”

आणि त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

३

आप्पा बाईंच्या पायरीवर येणार नव्हते, म्हणून बाई आप्पांच्या उंबऱ्यावर गेल्या. नुकती संक्रांत झाली होती. रथसप्तमीपर्यंत कोणतीही बाई कोणाच्याही घरी तिळगूळ घेऊन जाऊ शकते. त्यावर पारालासुद्धा काही म्हणता येत नाही. इतक्या साध्या सबबीवर एवढा मोठा तपास मी दुसरा पाहिलेला नाही. मी काकूंना ‘मदत’ करायला आधीच जाऊन बसलो होतो.

“घ्या आप्पा, तिळगूळ.”

आप्पांनी नाइलाजानं उजवा हात पुढं केला. बाईंनी तिळगूळ ठेवला आणि हात सोडलाच नाही. चिंधी कधी सुटली ते आप्पांना कळलं नाही, मलाही कळलं नाही.

“सर, काय दिसतं?” त्यांनी मला विचारलं.

“सूज.”

“सूज गावाला दिसली. नख बघा.”

नखावर बारीक बारीक खळगे होते. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. टोकाकडं नख उचललं गेलं होतं आणि खाली पिवळसर डाग होता.

“दुसऱ्या हाताला?”

“काय न्हाई,” आप्पा म्हणाले. त्यांनी डावा हात आपण होऊन दाखवला. हा तो इष्टलिंग धरायचा हात. तो ठणठणीत असल्याचा त्यांना अभिमान दिसला.

“सकाळी उठल्यावर बोट कसं असतं?”

“कसं म्हंजे? सकाळी ते बोट माझं नसतंच. लाकडाचं असतंय. ऊन खाल्लं की येतंय माझ्याकडं.”

“आणि टाच?”

आप्पा दचकले. “टाचेचं तुमाला कुणी सांगितलं?”

“मघा तुम्ही उठून आलात, तेव्हा पहिली दोन पावलं चवड्यावर टाकलीत.”

“नव्या चपला हायत.”

“चपला कधी घेतल्या?” बाईंनी काकूंना विचारलं.

“घेतल्यात कुठं!” काकू म्हणाल्या. “त्याच जुन्या झिजवतायत.”

दारापाठोपाठ चपलाही निर्दोष सुटल्या. आप्पा बायकोकडं अशा नजरेनं बघत होते, की साक्षीदाराला संरक्षण द्यावं असं मला वाटलं. आणि अवघडले की आप्पा करतात ते त्यांनी केलं: कोनाड्यातलं तांब्याचं कानकोरणं घेतलं, फेट्याच्या कडेनं आत खुपसलं आणि खाजवायला लागले. मी त्यांना हे वर्षानुवर्षं करताना पाहत होतो. मला ती दलालाची लकब वाटायची.

बाई त्या कानकोरण्याकडं बघत होत्या.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “फेटा उतरवता का?”

आमच्याकडं मोठ्या माणसाच्या डोक्याचा फेटा दोनच वेळा उतरतो: घरात कुणी मेलं तर, नाहीतर चारचौघांत त्याची अब्रू गेली तर. तीन डॉक्टरांनी आप्पांचं रक्त काढलं होतं, पण फेटा काढा म्हणायची छाती एकाचीही झाली नव्हती.

“कोण मेलंय?” आप्पांनी हळू आवाजात विचारलं. मग उठून उभे राहिले. “बाई, तिळगूळ पोचला. आता या तुमी.”

४

बाई उठल्या नाहीत. काकू मात्र स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या.

“सांगू का आक्काचं?”

“गप बस.”

“तीस वर्सं गप बसलेय.” काकू बाईंच्या समोर येऊन बसल्या. “यांची थोरली भैन, सत्यभामाआक्का. कोपरावर, डोस्क्यात चट्टे आलते. मग बोटं वाकडी झाली. लोक म्हनले महारोग. सासरच्यांनी आणून घातली. मागं गोठ्याला लागून खोली हाय ना, तितं ऱ्हायली मरंपतुर. ताट येगळं, तांब्या येगळा. ताट सरकवायचं काम यांचं. ल्हान व्हते हे.”

आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. आता मला कोडं उलगडलं, निदान अर्धं. या माणसाला फेट्याखाली काय आहे ते माहीत होतं. पंचांसमोर ‘सकाळी बोट लाकडाचं असतं’ एवढं एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण बोटामागून नख आलं असतं, नखामागून फेटा, फेट्यामागून गोठ्याची खोली. त्यापेक्षा त्यांनी लबाड ठरणं पसंत केलं होतं. ज्या माणसाकडं इमानाशिवाय दुसरी इस्टेट नव्हती, त्यानं तीच विकायला काढली होती.

“आप्पा, एक विचारते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मेथी निवडताना होता तसाच होता. “आक्काच्या कोपरावरच्या चट्ट्यावर गरम काही सांडलं, तर तिला कळायचं का?”

“दुधाचा थेंब उडाला तरी वरडायची,” ते भिंतीला म्हणाले. “चट्ट्यावरच उडालता.”

“गेलेल्या माणसाचं निदान मी लिहून देत नाही. पण महारोगाच्या चट्ट्याला सहसा इतकं नीट कळत नाही. बहुतेक आक्काला महारोग नव्हताच. आणि असता तरी ताट वेगळं करायचं कारण नव्हतं.”

आप्पा वळले. त्यांचा चेहरा मी इथं लिहीत नाही.

“तुमचा बाजाराचा कायदा काय आहे?” बाईंनी विचारलं. “जे चारचौघांत बघायचं नाही, ते कशाखाली बघायचं?”

आप्पांचा हात आपोआप खांद्याकडं गेला.

“द्या ते उपरणं.”

मी आयुष्यात बऱ्याच हुशार माणसांची भाषणं ऐकली आहेत, त्यातली काही स्वतः दिली आहेत. पण त्या क्षणी माणसाची अब्रू आणि माणसाचा रोग या दोन्हींना एकाच कापडाखाली जागा देणारी अक्कल मी पहिल्यांदा पाहिली. आप्पा खाली बसले. बाईंनी उपरणं त्यांच्या डोक्यावरून सोडलं, आत हात घातला. आतल्या आत आप्पांनी फेटा सोडला. आम्हाला पांढऱ्या कापडाखाली हालचाल तेवढी दिसत होती. बाईंची नजर बाजारातल्या रीतीप्रमाणं आभाळाकडं, म्हणजे पत्र्याकडं होती.

“कडा उचललेली,” त्या म्हणाल्या. “वरून खडबडीत. कानामागं पण आहे. काकू, समईची एक कोरी वात द्या बरं.”

वात आत गेली.

“काय कळतं का, आप्पा?”

उपरण्याखालून आवाज आला, “गुदगुल्या व्हतायत ओ.”

बाईंनी हात बाहेर काढला आणि उजेडात धरला. त्यांच्या बोटांवर चंदेरी पापुद्रे चिकटले होते, अभ्रकाच्या चुऱ्यासारखे.

“सापडला,” त्या म्हणाल्या.

५

“सोरायसिस,” बाईंनी आप्पांना फेटा नीट बांधू दिला आणि मग सांगितलं. “हा कातडीचा आजार. लागट नाही. पण काही जणांच्यात तो सांध्यात उतरतो. तुमच्यात उतरलाय.”

“ते गाऊट?” मी विचारलं. मला कुणीतरी चुकलेलं हवं होतं.

“गाऊट एका रात्रीत येतो, जास्त करून पायाच्या अंगठ्याला, आणि पहिल्यांदा आलेला पंधरवड्यात आपण होऊन ओसरतो. हे दिवाळीपासून मुक्कामाला आहे. सोरायसिसमध्येही यूरिक ॲसिड वाढतं. तो पुरावा खरा होता, पण आरोपी दुसरा.”

“संधिवात?”

“तो बहुधा दोन्ही हातांना सारखा धरतो, आणि नखाजवळचा शेवटचा सांधा सोडतो. इथं एकच हात, आख्खं बोट, शेवटच्या सांध्यासकट, आणि वर नख. रक्तात अंश नाही म्हणून संधिवात नाहीच असं नसतं, सर. पण त्या डॉक्टरनं तिथं थांबायला नको होतं. रक्त बोललं नाही तर माणसाला विचारायचं.”

“आणि वय?”

“झिजेचं दुखणं कामानं वाढतं, संध्याकाळी जास्त. सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात जातो. आप्पांचं उलटं. सकाळी लाकूड, वापरलं की सैल. टाचही सकाळीच. हे झिजणं नाही, ही आतली आग आहे.” मग आपणच जोडलं, “या आजाराची एक अशी तपासणी नाही, की चिठ्ठीवर नाव छापून येईल. नख, टाच, डोकं, बहीण, सकाळ. एकेकटं विचारलं तर प्रत्येकाकडं आपली सबब असते. सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकूंनी त्याऐवजी चहा टाकला, ते जास्त बरोबर होतं.

“नखाला बुरशी नाही ना, एवढं खरवडून बघते. एक्स-रे आणि रक्त औरंगाबादला. मग तिथले लोक बहुतेक आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या देतील. रोज घ्यायच्या नाहीत, चुकूनसुद्धा. बाजाराच्या दिवशी घेत जा, विसरणार नाही. आणि वरण खा.”

शेवटच्या दोन शब्दांवर आप्पांचे डोळे भरून आले.

“पर बाई, बाजारी पंचांना काय सांगायचं?”

“ते तुमचं. तुमच्या मर्जीशिवाय माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.”

“न्हाई निघाला तर म्या लबाड.”

“हो.”

“निघाला तर महारोगी.”

“लोक म्हणतील काही दिवस. माझ्याबद्दल तर गेली कितीक वर्षं म्हणतायत. मी रोज भाजी आणायला जाते.”

बाई गेल्या. बाजारापर्यंतचे सगळे दिवस आप्पांच्या घरातून वरणाच्या फोडणीचा वास तेवढा येत राहिला.

६

बाजाराच्या दिवशी सूर्य उगवता विठ्ठलरावांच्या दारात आप्पा उभे. “पंच बसवा.”

“आत्ता? जेवणं व्हायचीत.”

“सौदा आत्ताच्या वक्ताला झालता. फैसला बी आत्ताच.”

पंच कुडकुडत लिंबाखाली आले. धुळाजी आला, सुंदरराव आले, हातात दावं घेऊन. वत्सलाबाई शालीत गुरफटून एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्याभोवती आपोआप मोकळी जागा पडली होती. मी त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिलो. माझ्या परीनं तेवढंच.

आप्पांनी धुळाजीचा हात घेतला, वर उपरणं टाकलं.

“धुळाजी, किती बोटं टेकली?”

धुळाजीनं आभाळाकडं बघितलं. “चार.”

“म्या देतोय तीन.”

“चार हायत, आप्पा. बिरोबाच्यान!”

“तसाच धर,” आप्पा म्हणाले, आणि डाव्या हातानं त्यांनी उपरणं ओढून काढलं. बाजारात भाव ठरतानाचे हात उघड्यावर पहिल्यांदाच दिसले. धुळाजीच्या तळहातावर तीन बोटं सरळ टेकली होती. चौथं, ते सुजलेलं, धड मुडपलेलं नव्हतं, धड सरळ नव्हतं. आपल्याच मनानं अर्धवट वाकून तेही टेकलं होतं.

आप्पा स्वतःच्या बोटाकडं बघत राहिले. “म्या मुडपलंय की ते,” ते पुटपुटले. “मनात मुडपलंय.”

“मग त्या दिशी दुपारी कसं वाकलं?” विठ्ठलराव.

आप्पांनी एकदा वत्सलाबाईंकडं बघितलं. बाई लिंबाच्या शेंड्याकडं बघत होत्या. मग आप्पा बोलले, सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सकाळचं लाकूड सांगितलं, दुपारचं ऊन सांगितलं, रोगाचं नाव सांगितलं. ‘सोरायसिस’ त्यांनी असं उच्चारलं, की वडवणीकडच्या एखाद्या गावाचं नाव वाटावं. डोक्यात हाय, म्हणाले. माझ्या आक्कालाबी हेच व्हतं बहुतेक. आमी तिला गोठ्यात ठेवली.

मागून एक जण म्हणालाच, “लागट हाय का बे?”

वत्सलाबाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधी धुळाजीनं हात हलवला. त्याचा हात अजून आप्पांच्या हातातच होता. तो त्यानं काढला नाही. खांद्यावरचं स्वतःचं उपरणं घेतलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि म्हणाला, “आप्पा, जरा ऊन खाऊ द्या बोटाला. मंग पुन्यांदा द्या.”

दोघं तसेच बसून राहिले, उपरण्याखाली हात, नजर आभाळाकडं. ऊन लिंबाखाली आलं. चहाचे दोन कप आले नि गेले.

“आता किती?” विठ्ठलरावांनी विचारलं.

“तीन,” धुळाजी म्हणाला.

विठ्ठलरावांनी घसा साफ केला. “म्हंजे खोटं कुणीच न्हाई बोललं. आप्पांनी त्यांच्या जागेवर बसावं. फकस्त सौदा ऊन आल्यावर करावा.” आणि मग, बाजाराच्या इतिहासात पहिल्यांदाच, पंचांनी एका बाईला लिंबाखाली बसायला घोंगडी टाकली. वत्सलाबाई बसल्या. त्यांच्याभोवतीची मोकळी जागा हळूहळू भरत गेली. पहिला माणूस खोकल्याचा होता.

राहिला बैल. विठ्ठलराव म्हणाले, तीन आणि चारच्या मधला भाव काढू, दोघांनी मान्य करा. सुंदररावांनी मान हलवली आणि दावं पुढं केलं.

“बैल आण, धुळाजी.”

धुळाजीनं डोकं खाजवलं. मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, पदर सावरला.

“बैल कुटं हाय आता?” ती म्हणाली. “वैरण संपलती. म्या परवाच्याला वडवणीच्या बाजारी इकला. तोंडानं बोलून. दोन हजाराला.”

दावं अजून सुंदररावांकडंच आहे.